मेल्याचं साल

"संताजीचा दौलती. दौलतीचं दोन, पांडबा आनि गोविंदा. पांडबाचं तीन, बापूसो, आनंदराव, विलास…"

बसवण्णा हेळवी दारात बैलावर बसून सुरात म्हणत होता. ओसरीवर माझे चुलते आबा, म्हणजे त्यातलेच आनंदराव, मांडी ठोकून बसले होते आणि एकेका नावाला पाहुण्यांकडे असे बघत होते, की ही नावं जणू त्यांनी स्वतः घडवून आणलीत.

हेळवी म्हणजे आमच्या भागातले वंशावळ सांगणारे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा गावात येतात, दारोदार घराण्याची सहा-सात पिढ्यांची नावं म्हणतात, नवीन जन्मलेलं पोर चोपडीत लिहून घेतात आणि सूपभर धान्य घेऊन पुढच्या दाराला जातात. त्या दिवशी तो आपसूक आला नव्हता. आबांनी मुद्दाम निरोप धाडून बोलावला होता, कारण कागलकडचे इंगवले नवरा-बायको त्यांच्या लेकीसाठी घर बघायला आले होते. नवरा मुलगा म्हणजे आबांचा इंद्रजित, माझा चुलतभाऊ, वय चोवीस. कुळी दाखवायची हौस आबांना आधीपासूनच. फोटो दाखवतात लोक, आमच्या आबांनी हेळवी दाखवला.

"बघा पाव्हणं," आबा म्हणाले, "सहा पिढ्या. कुठं खोट न्हाई."

चहाच्या कपबशा घेऊन मी उंबऱ्यात उभी होते. 'खोट नाही' ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. ट्रे तसाच खाली ठेवला.

"बसवण्णामामा, नावं झाली. आता वयं सांगा."

"कसली वयं, अक्का?"

"मेली तेव्हाची. एकेकाचं."

आबांची मान गर्रकन वळली. "शाले, आत जा."

मी आत गेले नाही.

का गेले नाही ते सांगते. त्याच वर्षी जानेवारीत माझा धाकटा भाऊ धैर्यशील उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढत होता. वर पोचलाच नाही. एकोणतीस वर्षांचं पोर, कधी साधा ताप ठाऊक नाही, फळीवरून खाली आलं ते मेलेलंच आलं. पाठीमागे बायको वैजयंता आणि दोन वर्षांची समृद्धी. मयत उचलायच्या आत लोक म्हणायला लागले, बायकोचा पाय पांढरा. लग्नाच्या वर्षी म्हैस मेली, दुसऱ्या वर्षी पुरात ऊस गेला, तिसऱ्या वर्षी नवरा. हिशेब जुळला म्हणे. तेरावा झाला आणि वैजयंता लेकीला घेऊन हुपरीला माहेरी गेली. तिला थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

मार्चमध्ये वारसनोंदीसाठी कागद शोधताना धैर्याच्या ट्रंकेत मला मिरजेच्या दवाखान्याची फाईल सापडली. मरणाच्या तीन आठवडे आधीची. हृदयाची सोनोग्राफी. मी दहावी शिकलेली बाई, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी. इंग्रजी वाचता येईना म्हणून आमच्या गल्लीजवळच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे फाईल घेऊन गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"भाऊ. होता."

त्यांनी मग सावकाश समजावलं. हृदयाचा स्नायू जाड होत जातो. बाहेरून काही दिसत नाही, माणूस दणकट वाटतो. आणि एखाद्या दिवशी पळताना, ओझं उचलताना ठोक्याची लय बिघडते आणि संपतं. हा दोष लागण होऊन येत नाही, दृष्ट लागून येत नाही. जन्मतःच जनुकात असतो. आई-बापांपैकी एकात असला, की प्रत्येक मुलाला यायची निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी.

मला ते पटकन कळलं. ताण्यातला एक धागा कच्चा असला, की कापडाच्या सगळ्या थानभर तो उतरतो. विणणाऱ्याची चूक नसते.

"पण सगळेच मरत नाहीत," बाई म्हणाल्या. "एकाच घरात दोष तोच, पण कुणी ऐंशी वर्षं जगतो आणि कुणाच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे मरणच. तुमच्या घरात आणखी कोण असं अचानक गेलंय? तरुणपणी? लिहून आणा. आणि जे जिवंत आहेत त्यांना घेऊन या. कुणाला चक्कर येते का?"

तिथं मला चुलतभाऊ आठवला. इंद्रजित पोलीस भरतीसाठी रोज पहाटे कालव्यावर पळायचा आणि दोनदा पळता पळता पडला होता.

त्याच दिवशी मी गावाकडे आले. आबांना सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "आपल्या घरान्यात असलं कायबी न्हाई."

"माझे वडील कशानं गेले?"

"ऊन लागलं."

"विलासकाका?"

"हिरीत पवताना पायात गोळा आला."

"आजोबा?"

"भावकीतल्यानंच करनी केली. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या घरात माणूस आपला आपण मेलाच नव्हता. प्रत्येकाला मारणारं कुणीतरी होतं. ऊन होतं, विहीर होती, भावकी होती आणि आता सून होती. आमचं रक्त तेवढं धुतल्या तांदळाचं.

महिनाभर मी आबांच्या मागे लागले होते. इंद्रजितला एकदा दाखवू या, वीस मिनिटांची तपासणी. आबा ऐकेनात आणि बाप नको म्हणतो म्हटल्यावर इंद्रजितही ऐकेना. भरतीची धाव नऊ दिवसांवर आली होती. सोळाशे मीटर, जीव खाऊन. आणि त्यात आबांनी सोयरीक काढली, हेळवी बोलावला आणि म्हणाले, कुठं खोट नाही.

तर मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "चोपडी उघडा मामा. मेल्याचं साल लिहिता ना तुम्ही?"

"लिवतो की."

"मग वाचा."

बसवण्णा बैलावरून उतरला. त्याला वाटलं असावं, घरची लेक कौतुकानं विचारते आहे. घोंगड्यावर बसून त्यानं चोपडी उघडली आणि बोटाच्या पेरांवर मोजू लागला.

"दौलती… एकतीस."

"गोविंदा?"

"बावीस."

"पांडबा?"

"एक्केचाळीस."

"बापूसो? माझे वडील."

"तेहतीस."

"विलास?"

"एकोनीस, अक्का." आता त्याचा आवाज उतरला होता. इतकी वर्षं त्यानं ही नावं गाऊन दाखवली होती, वयं एका ओळीत त्यानंही कधी ऐकली नव्हती.

"आणि एक लिहायचं राहिलंय मामा. धैर्यशील बापूसो. एकोणतीस."

इंगवल्यांच्या बायकोनं हातातला लाडू ताटलीत परत ठेवला. इंगवले हळूच म्हणाले, "कशानं गेली म्हनायची ही सगळी?"

ते माझ्याकडे बघत होते, पण उत्तर बसवण्णानं दिलं. "मी मेल्याचं साल लिवतो, पाव्हणं. कारन लिवत न्हाई. कारन घरची सांगत्यात, आनि ते दर खेपंला बदलतंय."

आबा उठले. माझ्या अंगावर धावून येतील असं वाटलं, पण ते खांबाला धरून उभे राहिले. "ह्या बाईच्या डोक्यावर परिनाम झालाय, पाव्हणं. भाऊ मेल्यापास्नं अशीच बडबडतीया."

"मग इंद्रजितची तपासणी करून आणा आणि मला खोटी पाडा!" मी ओरडले. "पाहुणे, तुमची लेक द्या नाहीतर नका देऊ. पण आधी त्याच्या हृदयाची सोनोग्राफी मागा. पत्रिका नंतर बघा."

पाहुणे गेले. जाताना इंगवल्यांच्या बायकोनं हळदीकुंकूसुद्धा घेतलं नाही.

त्यांची गाडी वळणाआड गेली मात्र, इंद्रजितनं कपबशीचा ट्रे लाथेनं उडवला. "मिळालं समाधान, अक्का? नऊ दिसांवर भरती आलीया आन् तू मला चारचौघात रोगी ठरवलंस."

"दोनदा पडलास तू कालव्यावर."

"उपाशीपोटी पळतोय म्हनून!"

"आणि धैर्या? तो तर दोन भाकरी खाऊन गेला होता."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात त्याचं लक्ष परसाकडे गेलं. आबा तिकडे गेले होते. गव्हाणीच्या कट्ट्यावर टेकले होते, एक हात छातीवर होता. दुसऱ्या हातानं कोपरीच्या खिशातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाण्यावाचूनच गिळली. रोजची सवय असल्यासारखी.

मी जाऊन पट्टी त्यांच्या हातातून घेतली. धैर्याच्या फाईलमधली चिठ्ठी मी महिनाभर इतक्यांदा काढून बघितली होती, की त्या गोळीच्या नावाची अक्षरं मला चित्रासारखी पाठ झाली होती. तीच अक्षरं.

"ह्या कसल्या गोळ्या, आबा?"

"बीपीच्या."

"कधीपासून?"

त्यांनी पट्टी परत घ्यायला हात पुढे केला. इंद्रजित माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"कधीपासून?"

"नऊ वर्सं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

आबा जमिनीकडे बघत बोलले. "हर्नियाच्या आपरेशनला कोल्हापूरला गेलतो, तवा मशीनवर दिसलं. म्हनाले, रक्तातनं आलंय. पोराबाळांस्नी दाखवून घ्या."

नऊ वर्षं! धैर्याचं लग्न तीन वर्षांपूर्वीचं. ते लग्न आबांनीच जमवलं होतं, अक्षता टाकायला हेच पुढे होते. नऊ वर्षं हा माणूस स्वतः गोळ्या खात होता आणि माझ्या भावाच्या डोक्यावर मोळ्या देत होता. आणि त्याच्या बायकोला लोक पांढऱ्या पायाची म्हणत होते तेव्हा ओसरीवर बसून सुपारी कातरत होता. मी शिव्या घातल्या. चुलत्याला बापाच्या जागी मानायचं असतं, सगळं खरं. पण त्या दिवशी मला येतात तेवढ्या शिव्या मी घातल्या, मागावरच्या कामगारांकडून ऐकलेल्यासुद्धा.

"मला काय झालं का?" आबा एकदम म्हणाले. "साठी गाठली मी. मला वाटलं, माजं झालं तसंच समद्यांचं हुईल. आन् बभ्रा झाला असता तर एक सोयरीक जमली असती का ह्या घरात?"

इंद्रजित पुढे आला. त्यानं विचारलं, "मला कधी सांगनार हुता?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलायला सुचलं नाही, की खोटं बोलायचं आहे हेच कळलं नाही, कोण जाणे. म्हणाले, "लगीन झाल्याव."

कुणी मुस्काटात मारावी तसा इंद्रजित मागे सरला. मला तर समोर ते सगळं दिसलंच. इंगवल्यांची लेक, हातात हिरवा चुडा, आणि हा कुठल्यातरी मैदानावर पडलेला. मग बायका पदर तोंडाला लावून बसणार आणि तिच्या पायाकडे बघणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंद्रजित पळायला गेला नाही. आठच्या एसटीनं माझ्याबरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला त्याच्या हृदयाची भिंत दाखवली, असायला हवी त्याच्या दुपटीहून जाड. त्यांनी त्याला विचारलं, "पळता?" तो हो म्हणाला. त्या म्हणाल्या, "आजपासून नाही." चोवीस वर्षांचा धिप्पाड गडी तपासणीच्या खाटेवर लहान पोरासारखा रडला. नंतर त्याच्या छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. लय बिघडली, की ते आतूनच धक्का देतं.

माझीही तपासणी झाली. माझ्यात निघालं नाही.

भरती गेली, सोयरीक गेली आणि इंद्रजित माझ्याशी बोलायचा बंद झाला तो सात वर्षं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं त्यानं, लग्न केलं, आधी सगळं सांगून. गेल्या पावसाळ्यात दुकानाचं शटर ओढताना कोसळला आणि त्या यंत्रानं त्याला उठवला. संध्याकाळी फोन आला. "अक्का," म्हणाला, "हाय मी." आणि ठेवून दिला.

पण ते फार पुढचं. त्या उन्हाळ्यात मी इंद्रजितच्या तपासणीचा कागद पिशवीत घातला आणि हुपरीला गेले. मनातून मी खूश होते, खोटं कशाला सांगू. एका माणसाला वाचवलं होतं, आबांचं सोंग उघडं पाडलं होतं, आणि आता वैजयंतेला सांगणार होते, की पोरी, तुझा काही दोष नाही. ती माझ्या गळ्यात पडून रडेल, एवढंच माझ्या डोक्यात.

वैजयंता पडवीत बसून चांदीच्या कड्या जोडत होती. हुपरीत घरोघर ते काम चालतं. तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, हेळवी, आबांच्या गोळ्या, इंद्रजितची तपासणी. कागद पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"मला म्हाईत हाय, वन्सं."

"काय माहीत आहे?"

"सगळं. धैर्यशीलांचं रक्त डॉक्टरांनी डिसेंबरातच तपासायला धाडलं हुतं. ओझं उचलू नगा म्हनले हुते, पर तोड सुरू हुती, त्यांनी ऐकलं न्हाई. त्याचं उत्तर तेराव्यानंतर आलं. मग समूचं धाडलं." हातातली कडी तिनं चिमट्यात धरली होती, ती तशीच राहिली. "हाय तिच्यात."

मी पुढे केलेला कागद परत पिशवीत घातला.

"दर वर्साला न्यायची हाय. पळायचं न्हाई म्हनून सांगायचं हाय तिला, दोन वर्सांच्या पोरीला." मग तिनं चिमटा खाली ठेवला. "वन्सं, मयत दारात हुतं. मी तुमचा हात धरला. बाकी कुनाचा न्हाई धरला, तुमचा धरला. तुम्ही शहरात ऱ्हाता, तुम्हाला कळंल म्हनून. म्हनलं, वन्सं, मिरजंच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे घरान्यातनं येतंय, इंद्रजित भावजींना लगेच दाखवा. तुम्ही काय म्हनलासा?"

इतका वेळ मी तुम्हाला 'लोक म्हणाले' असं सांगत आले. लोक नंतर म्हणाले. सगळ्यात आधी मी म्हणाले. माझा हात तिच्या हातातून हिसकावून घेऊन, पन्नास बायकांत, माझ्या भावाच्या मयतापुढे. "माझ्या बापाच्या घराला रोग लावतीस? म्हैस खाल्लीस, ऊस खाल्लास, आता नवरा खाल्लास. पाय पांढरा तुझा!" त्याआधी ते कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. मी दिलं आणि गावानं उचललं.

"चुकलं माझं, वैजू," मी म्हटलं.

"कागद बघून तुमचा इस्वास बसला. मी जित्ती बाई बोलत हुतो, माज्यावर न्हाई बसला."

"चुकलं म्हणते ना."

"हितं नगं." ती उभी राहिली. "हितं कोन हाय ऐकायला? पन्नास बायकांत बोललासा, पन्नास बायकांत परत घ्या. न्हाईतर ह्या दारात येऊ नगासा."

आठ महिने मी टाळलं. आबांवर चिडणं सोपं होतं, ते मी भेटेल त्याच्यापाशी करत होते. धैर्याच्या वर्षश्राद्धाला मात्र तिला निरोप धाडला. येईल असं वाटलं नव्हतं. आली, समृद्धीला कडेवर घेऊन, आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली. सगळी भावकी पंगतीला बसली होती, मागे बायका उभ्या होत्या, त्यातल्या निम्म्या तरी त्या दिवशीच्याच. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. मी पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"शाले, बाजूला हो," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "वाढायचं हाय."

"मला बोलायचं आहे," मी म्हटलं. "माझा भाऊ आमच्या रक्तातल्या रोगानं मेला. माझा बाप त्यानंच मेला, आजाही त्यानंच. आबांना तो आहे, इंद्रजितला आहे. वैजयंतेचा पाय पांढरा असं पहिल्यांदा मी म्हणाले. ते खोटं होतं. तिनं मला त्या दिवशी खरं सांगितलं होतं आणि मी तिच्या तोंडावर घाण फेकली. आज सगळ्यांसमोर ते परत घेते."

कुणी मान वर केली नाही. एका म्हाताऱ्यानं द्रोण सरळ केला. मागून भावकीतली एक थोरली चुलती म्हणाली, "झालं का? बसा बसा, आमटी निवाय लागलीया." आणि वाढपी माझ्या दोन्ही बाजूंनी वाट काढत पुढे सरकले, भाताच्या परातीचा चटका माझ्या दंडाला लागला. वाढणं सुरू झालं.

मी मांडवाच्या कडेला बघितलं. वैजयंतेला कुणीतरी पत्रावळ देऊ केली होती, तिनं हात आडवा केला. माझ्याकडे बघितलं नाही. लेकीच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं आणि रस्त्याकडे वळली.

"चल समू," ती म्हणाली. "ऐकून झालं."